दहा मीटरांचे अंतर

पैजेच्या भरात माणूस काय करून बसेल याचा नेम नसतो. स्वीडनच्या राजधानीच्या दक्षिणेस, बाल्टिक समुद्रात, ऊतो नावाचे एक बेट आहे. त्या बेटावरील एका जुन्या विश्रांतिगृहात २००२ साली चार मित्र रात्री गप्पा मारीत बसले होते. गप्पांचे पर्यवसान पैजेत झाले. दोघादोघांच्या दोन जोड्या कराव्यात, ऊतोहून निघावे, वाटेतील बेटे धावत आणि बेटांमधील समुद्र पोहत ओलांडावा, आणि उत्तरेकडील सांडहाम्न या बेटावर जी जोडी मागाहून पोहोचेल तिने दुसऱ्या जोडीच्या मुक्कामाचा आणि खाण्यापिण्याचा खर्च सोसावा, असे ठरले. वाटेत तीन उपाहारगृहे लागत. पुढे गेलेल्या जोडीने तेथे जे मागवून ठेवले असेल ते मागल्या जोडीने संपवलेच पाहिजे, अशी एक खोडकर अटही घालण्यात आली. हे प्रकरण अपेक्षेपेक्षा फारच लांबले. मुक्कामी पोहोचायला चोवीस तासांहून अधिक वेळ लागला, आणि पोहोचल्यावर मेजवानी झोडण्याइतके त्राण कोणातच उरले नव्हते. तरीही पुढच्या वर्षी त्यांनी तोच उद्योग पुन्हा केला.

या थट्टेतून आज जगभर ‘स्विमरन’ या नावाने ओळखला जाणारा क्रीडाप्रकार जन्माला आला. मिकाएल लेमेल आणि मॅट्स स्कॉट या दोघा स्वीडिश संयोजकांनी २००६ साली त्या पैजेला रीतसर शर्यतीचे रूप दिले. तिचे नाव ‘ओतिलो’. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ ‘बेटावरून बेटावर’ असा होतो. दिशा मात्र उलटी ठेवली. सांडहाम्नहून निघायचे आणि जेथे पैज लागली त्या ऊतोच्या विश्रांतिगृहापाशी संपवायचे. प्रारंभीच्या आखणीप्रमाणे एकूण अंतर सुमारे ७५ किलोमीटर. त्यांपैकी ६५ किलोमीटर धावणे, १० किलोमीटर पोहणे, आणि वाटेत २६ बेटे. पुढे मार्गात थोडाफार फरक होत गेला, पण शर्यतीची जात तीच राहिली. पहिल्या वर्षी मोजक्याच जोड्या उतरल्या आणि त्यांतल्याही थोड्याच वेळेत पोहोचल्या. आज उत्तम जोड्या हे अंतर आठ तासांच्या आत कापतात. स्वित्झर्लंडमधील एंगादिनच्या सरोवरांत २०१४ पासून आणि इंग्लंडच्या नैऋत्येकडील सिली बेटांत २०१६ पासून याच मालिकेतील शर्यती भरू लागल्या.

आपल्याकडेही मॅरेथॉन आता नवलाईची राहिलेली नाही. गोव्यात २०१९ साली पोहणे, सायकल आणि धावणे यांची अर्धी आयर्नमॅन शर्यत सुरू झाल्यापासून पुण्या-कोल्हापुरातील डॉक्टर, शिक्षक, कारकून पहाटे तलावावर आणि रस्त्यावर दिसू लागले आहेत. त्यांतल्या अनेकांच्या कानावर स्विमरनचे नाव पडलेले असते, आणि ‘हे आपल्याला जमेल काय, आणि सुरुवात कोठून करावी?’ हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. उत्तर देताना स्नायूंपेक्षा स्वभावाविषयी अधिक बोलावे लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळाचे नियम आणि त्यामागील भूमी

या खेळाला कपडे बदलण्याचा तंबू नाही. तीन खेळांच्या शर्यतीत पोहणे एकदाच होते. नंतर पोशाख बदलावा, बूट चढवावेत आणि पाण्याला रामराम ठोकावा. स्विमरनमध्ये पाणी आणि जमीन यांची आलटूनपालटून गाठ पडते. बाल्टिकमधील त्या मूळ शर्यतीत पाण्यात शिरणे आणि पाण्याबाहेर येणे मिळून चाळिसाहून अधिक वेळा घडते. त्यामुळे स्पर्धक बूट घालूनच पोहतो आणि पोहण्याचा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, घालूनच धावतो. जे साहित्य घेऊन निघाल ते अखेरपर्यंत तुमच्याच अंगावर असले पाहिजे, हा एक नियम. वाटेत कचरा टाकणारी जोडी बाद, हा दुसरा. आणि तिसरा नियम, जो मला या खेळाचा प्राण वाटतो, तो असा की जोडीतील दोघांनी एकमेकांपासून दहा मीटरांहून दूर जाता कामा नये. अलीकडे काही ठिकाणी एकट्यानेही भाग घेण्याची सोय झाली आहे. पण मूळ शर्यतीची ओळख जोडीचीच आहे.

हा खेळ स्वीडनमध्येच का जन्मला, हे तेथील भूगोल पाहिल्यावर कळते. स्टॉकहोमसमोरच्या समुद्रात लहानमोठी बेटे आणि खडक मिळून संख्या तीस हजारांच्या घरात जाते. दोन बेटांमधले पाणी कोठे शंभर मीटर, कोठे हजार-दीड हजार मीटर. बाल्टिकचे पाणी निमखारे आणि जवळजवळ भरती-ओहोटीविना असल्यामुळे सकाळी पाहिलेला किनारा संध्याकाळीही तेथेच असतो. भूगोलाच्या जोडीला तेथील एक जुना लोकाचारही आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून कोणीही पायी जावे, रानातली फळे खुडावीत, पाण्यात पोहावे, मात्र कोणाला उपद्रव देऊ नये आणि कशाचीही नासधूस करू नये, असा हा सर्वांचा हक्क १९९४ पासून तेथील राज्यघटनेतही नमूद आहे. कुंपण आडवे येत नाही म्हणून बेटांवरून धावता येते. आणि कुंपण आडवे येत नाही म्हणूनच कचऱ्याचा नियम इतका कडक आहे. हक्क आणि जबाबदारी यांची अशी गाठ खेळाच्या नियमांत बांधलेली क्वचितच आढळते.

बेरीज चुकते ती कोठे

नवशिक्याची पहिली चूक अंकगणिताची असते. ‘मला दीड किलोमीटर पोहता येते, वीस किलोमीटर धावता येते, दोहोंची बेरीज केली की झाले,’ असे तो मानतो. या बेरजेत तीन गोष्टी सुटतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. पोहण्याच्या तलावात तळाशी काळी रेघ असते आणि पंचवीस मीटरवर भिंत असते. उघड्या पाण्यात दोन्ही नसतात. दिशा राखण्यासाठी दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहावी लागते. वाहते पाणी तिरपे नेत असेल तर ज्या बाजूने प्रवाह येतो त्या बाजूला रोख धरून पोहावे लागते. ज्याला हे ठाऊक नाही तो पाचशे मीटरच्या अंतरासाठी सातशे मीटर पोहतो आणि आपला दम कमी पडला असे समजतो. शर्यतीच्या एकूण अंतरात पोहण्याचा वाटा सातव्या हिश्शाइतका असला तरी जीवाला धोका आहे तो त्याच हिश्शात. म्हणून आरंभ पोहण्यापासूनच व्हावा. तलावात न थांबता, न धापता एक किलोमीटर जाता येऊ लागले, उताणे पडून दहा मिनिटे स्वस्थ तरंगता येऊ लागले, आणि पाण्यात उभे राहून चारचौघांसारखे बोलता येऊ लागले, म्हणजे उघड्या पाण्याचा विचार करावा, त्याआधी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. स्विमरनमधील धाव डांबरी रस्त्यावरची नसते. शेवाळलेले खडक, झाडांची मुळे, चिखल आणि मधूनच एखादी सरळ पायवाट, असा तो मार्ग असतो. अपवाद म्हणजे ओर्नो बेट. तेथे जवळजवळ वीस किलोमीटर सलग धावावे लागते आणि अनेक जोड्यांची खरी परीक्षा तेथेच होते. ज्याने केवळ रस्त्यावरच सराव केला आहे त्याचा घोटा पहिल्या खडकावरच मुरगळण्याचा संभव असतो. आपल्या गडकोटांच्या वाटा या सरावासाठी उत्तम आहेत. आठवड्यातून एकदा सिंहगडासारखी एखादी चढण चढावी आणि उतरताना पाय कोठे पडतो याकडे लक्ष द्यावे. उतरणे हीसुद्धा एक विद्या आहे.

तिसरी गोष्ट कोणाच्याच हिशेबात नसते, ती म्हणजे या दोहोंमधला उंबरठा. आडवे पोहणारे शरीर एकाएकी उभे राहून धावू लागले की डोके गरगरते, कारण रक्ताभिसरणाला नव्या स्थितीशी जुळवून घ्यायला काही क्षण लागतात. उलट धावून तापलेले, धापा टाकणारे शरीर थंड पाण्यात शिरले की पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत श्वास आवरेनासा होतो. अशा वेळी तोंड पाण्याखाली असेल तर घोटभर पाणीही महाग पडते. यावर उपाय साधा आहे. पाण्यात शिरण्यापूर्वीची शेवटची शंभर पावले सावकाश टाकावीत, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारून घ्यावे, पहिले वीस हात हळू मारावेत, आणि श्वास ताळ्यावर आल्यावरच वेग धरावा. बाहेर येताना आधी गुडघ्यावर यावे, मग उभे राहावे, चार पावले चालावे आणि नंतर धावावे. हा उंबरठा ओलांडण्याचा सराव वेगळा करावा लागतो. तीनशे मीटर पोहणे, दोन किलोमीटर धावणे, आणि हाच क्रम तीन-चार वेळा, ही नवशिक्याची खरी शाळा होय. तीन-चार महिने असा सराव झाला की पंधरा किलोमीटरच्या आसपासच्या, किंवा त्याहूनही लहान, शर्यतीचा विचार करायला हरकत नाही. परदेशी संयोजकांनी अशा लहान शर्यती मुद्दाम ठेवल्या आहेत. पंचाहत्तर किलोमीटरचे स्वप्न पाहावे, पण पहिली पावती पंधराची फाडावी.

साहित्याची मोहिनी

खेळ नवा असला की दुकान त्याच्या आधी उघडते. वेटसूट, तळहाताला बांधायची पॅडल, मांड्यांमध्ये धरायचा तरंगा, पाणी झटकन निथळणारे बूट, दोघांना जोडणारी लवचीक दोरी, ही यादी वाचून मध्यमवर्गीय माणसाची छाती दडपते. यांतील प्रत्येक वस्तूला कारण आहे, हे मान्य. बूट पायांत असल्यामुळे पाय खाली ओढले जातात. तरंगा ते वर धरून ठेवतो. पाय असे बांधल्यासारखे झाल्यावर गती हातांनीच मिळवावी लागते; पॅडलमुळे प्रत्येक हाताला अधिक पाणी सापडते. पण पॅडल मोठे घेतले आणि सराव थोडा असला, तर खांदा दुखावतो आणि महिनाभर घरी बसावे लागते. म्हणून पॅडल लहान घ्यावे आणि पहिल्या महिन्यात तेही बांधू नये. बूट मात्र पहिल्या आठवड्यापासून पाण्यात न्यावेत. बूट घालून पोहणे हा अनुभव घेतल्याशिवाय कळत नाही. ज्या तलावाचे व्यवस्थापक त्याला परवानगी देणार नाहीत, आणि बहुतेक देणार नाहीतच, तेथे हुज्जत न घालता सराव उघड्या पाण्यासाठी राखून ठेवावा.

तरंग्याचे नवल आपल्याला वाटू नये. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील मागील पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या त्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधूनच. कोणी काका किंवा मामा काठावर उभा असे. त्याच्या हाती दोराचे एक टोक असे आणि दुसरे टोक पोराच्या कमरेला. परदेशी दुकानात आज ज्या दोन वस्तू आकर्षक वेष्टनात मिळतात, त्यांचे मर्म आपल्या विहिरीच्या काठाला कधीच ठाऊक होते. विहिरी आटल्या, बुजल्या. पंपाने पाणी उपसणे सोपे झाले आणि पोहणे मागे पडले. आज शहरातल्या कित्येक पदवीधरांना पोहता येत नाही, आणि त्याची त्यांना खंतही वाटत नाही.

वेटसूटविषयी एक इशारा दिला पाहिजे. बाल्टिकचे पाणी सप्टेंबरातही दहा ते पंधरा अंशांच्या आसपास असते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. म्हणून तेथे तो पोशाख जीवरक्षक ठरतो. आपल्या किनाऱ्यावरील पाणी बहुतेक काळ पंचवीस अंशांच्या वर असते. तेथे जाड रबरी पोशाखात धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण होय. आपल्याकडे धोका गारठ्याचा नसून उन्हाचा आणि शरीरातील पाणी कमी होण्याचा आहे. पाण्यात असलेल्या माणसालाही घाम येतो. तो दिसत नाही एवढेच. तेव्हा साधा अंगाबरोबरचा पोशाख, डोक्याला भडक रंगाची टोपी, कमरेला बांधलेला नारिंगी तरंगता फुगा आणि गळ्यात शिट्टी, एवढे साहित्य आरंभासाठी पुरेसे आहे. यांतील फुगा आणि शिट्टी या दोन वस्तूंवर मात्र काटकसर करू नये.

एका सकाळची गोष्ट

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. पन्नाशी ओलांडल्यावर मी आणि माझे एक सहकारी, ते गणित शिकवतात, मी भाषा, अशा दोघांनी या खेळाचा नाद धरला. मी पोहण्यात बरा, ते धावण्यात. गावाबाहेरील तलावाच्या एका कडेपासून समोरच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चारशे मीटर पोहायचे, टेकडीला वळसा घालून तीन किलोमीटर धावायचे आणि पुन्हा पोहत परतायचे, असा आमचा रविवारचा क्रम. एका हिवाळी सकाळी परतीच्या पोहण्यात मला कधी नव्हे ती लय सापडली. हात सुरेख पडत होते, श्वास जमला होता. आपण किती छान पोहतो आहोत या विचारात मी मागे पाहायचे विसरलो. काठावर येऊन उभा राहिलो आणि वळून पाहिले तर पाण्यावर कोणी दिसेना.

तो अर्धा-एक मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. मग दूर, बरेच डावीकडे, नारिंगी फुग्याचा ठिपका दिसला. सरांच्या पोटरीत गोळा आला होता. त्यांनी फुगा छातीशी कवटाळला होता आणि उताणे पडून ते शांतपणे श्वास घेत होते. शिट्टी त्यांनी दोनदा वाजवली होती. माझे कान पाण्यात होते. मी परत गेलो. आम्ही हळूहळू काठाला आलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ते म्हणाले, ‘‘सर, पुढे गेलात त्याचे काही नाही. पण एकदा मागे पाहायचे होतेत.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. दहा मीटरांचा नियम मला पाठ होता. विद्यार्थ्यांना सांगावा तसा मी तो इतरांना सांगतही असे. तरीही माझा वेग मला त्यांच्यापेक्षा प्रिय ठरला. त्या दिवसापासून आम्ही क्रम बदलला. पाण्यात आता मी पुढे असलो तरी आमच्या कमरा अडीच-तीन मीटरांच्या लवचीक दोरीने जोडलेल्या असतात. दोरी ताणली की मी हात मंद करतो. जमिनीवर ते पुढे असतात आणि दोरी मला ओढते. आपली मंदगती दुसऱ्याला दोरीतून जाणवते आहे, हे स्वीकारायला मला पोहण्यापेक्षा अधिक दिवस लागले.

या खेळात जोडीदाराची निवड का महत्त्वाची, ते यावरून ध्यानात यावे. दोघे तोडीस तोड असावेत असा नियम नाही. एक पाण्यात बलवान आणि दुसरा जमिनीवर, अशी जोडीही उत्तम चालते. पुढे पोहणाऱ्याच्या पाठोपाठ राहिले तर मागच्याचे श्रम कमी होतात, हे पोहणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. पण ‘आता पुरे, मला थांबायचे आहे’ हे शब्द ज्याच्यापाशी संकोच न बाळगता उच्चारता येतात, असाच जोडीदार असावा. शर्यतीपूर्वी तीन गोष्टी स्पष्ट ठरवाव्यात: थांबण्याची खूण कोणती, खाणेपिणे दर किती वेळाने, आणि एकाने माघार घ्यायची म्हटले तर दुसऱ्याने वाद न घालता ती मान्य करायची. यांतील तिसरी गोष्ट कागदावर सोपी आहे. महिनोन्‌महिने सराव करून, रजा टाकून, पैसे भरून आलेल्या माणसाला ती प्रत्यक्षात किती अवघड जाते, हे अनुभवी जोड्यांनाच ठाऊक असते.

आपले पाणी, आपली जबाबदारी

स्वीडनचा खेळ जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी नगण्य. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती चार मीटरांहून वर चढते आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी भल्या पोहणाऱ्यालाही समुद्रात ओढून नेते. पावसाळ्याचे चार महिने तर आपला समुद्र पोहण्यासाठी बंदच समजावा. कृष्णेच्या सांगलीकडील पात्रात आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. ही काही भीती घालण्यासाठी रचलेली कथा नव्हे. धरणाच्या जलाशयात परवानगीवाचून उतरणे गुन्हा ठरू शकतो आणि दरवाजांच्या जवळ ते प्राणघातकही आहे. स्थानिक कोळ्याला, नावाड्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. नकाशात दिसत नाही ते त्याला दिसते.

हे सारे सांगायचे कारण असे की आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्युमुखी पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत हा आकडा छापला जातो आणि आपण तो वाचून पान उलटतो. सहलीला गेलेली महाविद्यालयीन मुले, बुडणाऱ्या मित्राला वाचवायला उडी घेणारा दुसरा मित्र आणि त्या दोघांना वाचवायला गेलेला तिसरा, ही बातमी प्रत्येक उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ठरल्यासारखी येते. पोहता न येणे हे एक कारण आहेच. पण पाण्याजवळ एकमेकांकडे लक्ष ठेवण्याची शिस्त नसणे, हे दुसरे कारण आपण सहसा मोजत नाही.

पाण्यातील पराक्रमाची परंपरा आपल्याला नाही असे नव्हे. मिहिर सेन यांनी १९५८ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. पुढल्याच वर्षी आरती साहा यांनी तो पराक्रम करून दाखवला. पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाण्याचा संकल्प २०१८ साली पुरा केला. धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर मराठी मुलामुलींनी पोहून पार केले आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रातील पोहण्याच्या स्पर्धा भरतात आणि तेथे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सारे उतरतात. या पराक्रमाबद्दल आपण अभिमान बाळगावा. पण अभिमान बाळगणारे पोहू लागत नाहीत. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याजवळही सोबतीची होडी असते आणि होडीत त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस असतो, हे आपण टाळ्या वाजवताना विसरतो.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. ज्यांना या खेळाची ओढ वाटते त्यांनी स्वीडनच्या तिकिटाची चौकशी आज करू नये. आधी एक जोडीदार शोधावा. दोघांनी मिळून जवळच्या तलावाचा पास काढावा. हिवाळ्यापर्यंत एक किलोमीटर पोहणे आणि दहा किलोमीटर धावणे पक्के करावे. मग कोणी जाणकार काठावर उभा करून, सुरक्षित आणि परवानगीच्या पाण्यात, तीनशे मीटर पोहण्याचा आणि दोन किलोमीटर धावण्याचा तो पहिला फेरा घ्यावा. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांनीही याचा विचार करावा. वार्षिक संमेलनात एकट्याच्या धावण्याला पहिले, दुसरे, तिसरे बक्षीस असतेच. एकदा दोघांची अशी शर्यत ठेवून पाहावी की जिच्यात वेळ मोजली जाते ती मागाहून येणाऱ्याची. पुढे धावणाऱ्या मुलाला वळून पाहण्याची सवय लागली, तर तिचा उपयोग त्याला पाण्यापुरताच होणार नाही.

ऊतोच्या त्या विश्रांतिगृहापाशी शर्यतीच्या अखेरीस एक चढण आहे. बारा-बारा तास पाण्यात आणि खडकांत काढलेल्या जोड्या तेथवर येतात तेव्हा बहुतेकांना धावणे शक्य होत नाही. एकट्याने पुढे जाऊन रेषा ओलांडण्यात काही अर्थ नसतो, कारण तशी वेळ नोंदलीच जात नाही. मग दोघांतला जो अजून चालू शकतो तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि दोघे एकत्रच रेषा ओलांडतात. आमचे गणिताचे सर आणि मी त्या चढणीवर कधी पोहोचू की नाही, कोण जाणे. दर रविवारी आम्ही तलावावर जातो. दोरी कमरेला बांधतो. आणि पाण्यात शिरण्यापूर्वी ते न चुकता विचारतात, ‘‘मागे पाहणार ना, सर?’’